वळणदार टाइप आणि मराठीचे वळण

१

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघाले म्हणजे घाट चढून गेल्यावर मांजरसुंबा लागते. येथून एक रस्ता पाटोद्याकडे फुटतो, तर दुसरा नेकनूर, केज या गावांवरून अंबाजोगाईस जातो. चार दिशांची माणसे जेथे थांबतात तेथे पाट्या आणि फलक यांची दाटी असणे स्वाभाविकच होय. या पाट्यांवरील अक्षरे पूर्वी रंगाऱ्याच्या हातची असत. आता ती संगणकावर जुळवून छापलेली असतात. त्यांतही शुभेच्छांचे, सत्काराचे आणि लग्नसमारंभाचे फलक पाहावेत तर एका विशिष्ट प्रकारचा टाइप त्यांवर हटकून दिसतो. अक्षर उजवीकडे कललेले, वेलांट्या लांबवर ओढलेल्या, उकारांच्या शेपट्या पीळ घातलेल्या आणि उभे दांडे मध्ये जाड व टोकांस केसासारखे बारीक. हाच टाइप लग्नपत्रिकांवर, मानपत्रांवर व प्रशस्तिपत्रांवर वापरला जातो. लोक त्याला 'वळणदार अक्षर' म्हणतात.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या नात्यातील एका विवाहाची पत्रिका अशाच टाइपात छापून आली. कागद उत्तम, छपाई निर्दोष. तळाशी एक सूचना होती : 'वर्हाडी मंडळींची उतरण्याची सोय मांजरसुंबा येथे केली आहे.' घरातील एका वृद्ध आत्याबाईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि विचारले, "हे वर्हाडी कोण? आपल्यात असे कोणी नाहीत." मूळ मसुद्यात अर्थातच 'वऱ्हाडी' असे होते. छापखान्यात चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले की, या टाइपात ते अक्षर नाही. म्हणून वर रफार देऊन वेळ निभावून नेली.

ही चूक एका छापखान्याची म्हणून सोडून देता आली असती. परंतु विचारांती असे वाटू लागले की, लग्नपत्रिकेसाठीच म्हणून घडविलेल्या टाइपात 'वऱ्हाड' हा शब्द लिहिता येऊ नये, यात एका व्यक्तीच्या अनवधानापेक्षा अधिक काही आहे. असा टाइप घडविताना सौंदर्याची कल्पना एका ठिकाणाहून घेतली गेली आणि भाषा दुसऱ्या ठिकाणी राहिली. या दुराव्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम 'वळण' या शब्दाचाच विचार करू. मराठीत वळण म्हणजे रेषेचा बाक. परंतु वळण म्हणजे लावलेली सवय, अंगी बाणलेली रीत असाही अर्थ आहे. मुलाला वळण लावतात, तसे हातालाही लावतात. 'त्याचे अक्षर वळणदार आहे' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात बाकदार रेषा एवढाच अर्थ नसतो. हाताला शिस्त लागली आहे, असेही त्यात अभिप्रेत असते. टाइपाची समीक्षा करताना हे दोन्ही अर्थ जवळ ठेवावे लागतात. पहिल्या अर्थाने वळणदार असलेला टाइप दुसऱ्या अर्थाने बिनवळणी असू शकतो, आणि आमच्या मते पत्रिकांवरील पुष्कळसा टाइप तसा आहे.

मोठ्या आकारात, थोड्या शब्दांसाठी आणि समारंभाच्या प्रसंगी वापरावयाचा लेखणीच्या वळणाचा टाइप ही मूळ युरोपीय कल्पना होय. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमधील लेखनशिक्षकांनी जे गोल वळण प्रचारात आणले, त्याचे कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले जात. त्यावरून या वळणाला 'कॉपरप्लेट' हे नाव पडले. चार्ल्स स्नेल हा या परंपरेतील एक लेखनशिक्षक. त्याच्या अक्षरावरून मॅथ्यू कार्टर यांनी १९६६ च्या सुमारास 'स्नेल राउंडहँड' हा टाइप सिद्ध केला. तो छायाजुळणीच्या यंत्रासाठी होता, हे महत्त्वाचे आहे. धातूचा प्रत्येक खिळा आपल्या चौकटीत बंदिस्त असतो. त्यामुळे तिरप्या अक्षराची बाहेर जाणारी रेषा पुढील अक्षराच्या रेषेला नेमकी भिडविणे धातूत फार कष्टाचे होते. छायाजुळणीत अक्षरे एकमेकांवर थोडी चढवता येऊ लागली आणि हा अडथळा बराचसा दूर झाला.

या वळणाचे सौंदर्य ज्यावर अवलंबून आहे ते साधन म्हणजे टोकदार, लवचिक टाक. वरून खाली येताना टाकावर दाब दिला की त्याच्या दोन पात्या फाकतात व रेषा जाड होते. खालून वर जाताना दाब काढला की रेषा बारीक होते. म्हणजे येथे जाडी-बारकी दाबावर ठरते. आमच्या पत्रिकांवरील टाइपाने जे उचलले ते हेच दाबाचे सौंदर्य होय.

३

नागरी अक्षराची घडण निराळ्या साधनातून झाली आहे. बोरू तासून त्याचे टोक तिरपे कापले जाते आणि लिहिताना ते टोक एकाच कोनात धरले जाते. रेषेची जाडी दाबाने न ठरता दिशेने ठरते : टोकाच्या धारेशी समांतर जाणारी रेषा बारीक, धारेला काटकोनात जाणारी रेषा जाड. युरोपातही रुंद टोकाची लेखणी होती. परंतु तिचा कोन आणि बोरूचा कोन हे परस्परांच्या प्रतिबिंबासारखे आहेत. रोमन लिपीतील 'ओ' हे अक्षर रुंद लेखणीने काढले तर त्याची जाडी डावीकडे खालच्या अंगास आणि उजवीकडे वरच्या अंगास येते. आपल्या 'व'चे पोट बोरूने काढून पाहावे : जाडी डावीकडे वरच्या अंगास आणि उजवीकडे खालच्या अंगास येते. निर्णयसागरच्या जुन्या पोथ्यांतील 'व', 'ब', 'क' ही अक्षरे भिंगाखाली पाहिली तर हा नियम खिळ्यांतही उतरलेला दिसतो. जावजी दादाजी यांनी १८६९ साली स्थापिलेल्या त्या छापखान्याचे खिळे राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कसबी माणसाने घडविले होते. त्यांच्या पोलादी छिन्नीने बोरूचा कोन सोडला नाही.

दुसरा भेद जोडणीचा. इंग्रजी वळणात अक्षरे खालच्या अंगाने, बाहेर पडणाऱ्या रेषेने जोडली जातात. शब्द एकसंध दिसण्यासाठी ही जोडणी साधावीच लागते. नागरीत शब्दाला एकसंध करण्याचे काम शिरोरेषा आधीच करीत असते. त्यामुळे नागरीत वळणदार टाइप करणाऱ्यापुढे खरा प्रश्न शेजारच्या अक्षरांना जोडण्याचा नसतो. तो असतो मजल्यांचा : शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऋकार, हलन्त आणि जोडाक्षराचा खालचा घटक. एका अक्षराचे हे मजले एकाच उभ्या ओळीत राहिले तरच डोळ्याला ते एक अक्षर म्हणून पटते.

आता हे अक्षर इंग्रजी वळणाच्या धर्तीवर उजवीकडे कलते केले तर काय होते ते पाहू. दांडा कलला की त्याच्या माथ्यावरील रफार वा मात्रा उजवीकडे सरकते, आणि पायथ्याशी असलेला उकार डावीकडे सरकतो. कल थोडा असेल तर हे खपून जाते. कल वाढला की वरचे चिन्ह पुढच्या अक्षराच्या हद्दीत आणि खालचे चिन्ह मागच्या अक्षराच्या हद्दीत जाते. शिरोरेषा मात्र आडवीच राहते. 'मुहूर्त' हा शब्द अशा टाइपात लिहून पाहावा. 'मु'चा उकार डावीकडे सुटतो, 'हू'चा दीर्घ उकार 'मु'खाली येऊ पाहतो आणि 'त'वरील रफार शब्दाबाहेर डोकावतो. शब्द सुंदर न होता विस्कटतो, कारण कल देणाऱ्याने अक्षराला एकमजली मानलेले असते.

४

मराठीला स्वतःची प्रवाही लिपी नव्हती काय? होती, आणि शतकानुशतके होती. मोडी लिहिताना आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेत आणि मग हात शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जात. शब्दांमध्ये जागा सोडण्याचीही रीत नव्हती. वेग साधण्यासाठी मोडीने ऱ्हस्व-दीर्घ इकार व उकार यांतील भेदही सोडून दिला. विल्यम केरी यांचा मराठी कोश १८१० साली श्रीरामपूरहून निघाला तो मोडी खिळ्यांत. एका प्रवाही लिपीला सुट्या खिळ्यांत बसविण्याचा हा मराठीतील फार आरंभीचा प्रयत्न होय. त्या खिळ्यांत मोडीचे आकार आले. हाताचा ओघ येणे धातूच्या चौकटीमुळे दुर्घट होते. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतूनही गेली. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत तिला स्थान मिळाले, तेव्हा ती दैनंदिन व्यवहारातून केव्हाच नाहीशी झाली होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. इंग्रजी गोल वळण हे मुळात व्यापाराचे, पेढीवरचे वळण होते. तेच पुढे प्रतिष्ठित होऊन निमंत्रणपत्रिकेवर चढले. म्हणून इंग्रजीत 'प्रवाही' आणि 'समारंभी' हे दोन गुण एका वळणात एकवटले. मराठीत असे घडले नाही. मोडी दप्तराची, हिशेबाची, पत्रव्यवहाराची लिपी राहिली. पोथीचा, म्हणजे आदराचा, मान बाळबोध लिपीकडे होता. बाळबोध उभी आणि सुटी, सावकाश लिहावयाची. आमच्याकडे औपचारिकतेचे चिन्ह वेग हे नसून स्थैर्य हे होते.

याचे एक थोर उदाहरण मांजरसुंब्याहून केजमार्गे जाणाऱ्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाशी, अंबाजोगाईस आहे. दासोपंतांनी (१५५१-१६१५) आपले 'पंचीकरण' कापडावर, पासोडीवर लिहून ठेवले. पोथी एका वाचणाऱ्याच्या मांडीवर असते. पासोडी पसरावी लागते आणि ती पाहणारे अनेक असतात. मोठ्या आकारात, अनेकांसमोर मांडावयाचे लेखन ही जर प्रदर्शनीय अक्षराची व्याख्या असेल, तर मराठवाड्यात तिला चारशे वर्षांपूर्वीचा आधार आहे. आजच्या फलकांवरील टाइपाला पूर्वज हवा असेल तर तो तांब्याच्या पत्र्यावरील इंग्रजी कित्त्यात शोधण्याचे कारण नाही.

अर्थात बोरूला देवत्व देण्याचा आमचा हेतू नाही. आंग्लकालात मोडीही टाकाने लिहिली जाऊ लागली होती आणि निर्णयसागरच्या खिळ्यांना युरोपीय मुद्रणतंत्राचा मोठा आधार होता. परके तंत्र घेणे हा दोष नव्हे. तंत्र घेताना आपल्या अक्षराची रचना विसरणे हा दोष होय.

५

हा भेद दोन अलीकडच्या टाइपांच्या तुलनेने स्पष्ट होईल. दोन्ही मुक्त परवान्याने उपलब्ध आहेत आणि दोहोंत नागरी व रोमन अशा दोन्ही लिपी आहेत.

पहिला 'अमिता'. यातील रोमन अक्षरे 'रीड्रेस्ड' या आधीच्या वळणदार टाइपावर आधारलेली आहेत; नागरी अक्षरे अर्जेंटिनातील एदुआर्दो तुन्नी यांनी त्यांच्या जोडीला रचली. म्हणजे येथे रोमन आधी आणि नागरी तिच्या अनुरोधाने, असा क्रम आहे. दुसरा 'यात्रा'. कॅथरीन लेई श्मिट यांनी तो मुंबईच्या लोकल गाड्यांच्या स्थानकांवरील हाताने रंगविलेल्या पाट्यांवरून प्रेरणा घेऊन रचला. येथे नागरी लेखणीचा कोन प्रमाण मानला आणि रोमन अक्षरेही त्याच कोनात काढली. त्यामुळे रोमन अक्षरांची जाडी नेहमीच्या उलट बाजूस आली आणि त्यांना एक अनपेक्षित पण सुसंगत रूप लाभले.

दोन्ही रचनाकार मराठी नाहीत, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. टाइप कोणत्या देशाच्या माणसाने केला हा प्रश्नच नव्हे. कोणत्या लिपीने कोणत्या लिपीशी जुळवून घ्यावे, हा प्रश्न आहे. 'अमिता'ची नागरी नीटनेटकी आहे. परंतु तिचा डौल ज्या रोमन सहचारिणीसाठी घडला तिच्याकडून आलेला आहे, आणि दोघी शेजारी ठेवल्या असता नागरी ही पाहुणी वाटते. 'यात्रा' समारंभी नाही, किंबहुना ती रांगडी आहे. पण तिच्यात नागरी घरची मालकीण आहे. समारंभी मराठी टाइपाला 'अमिता'चे कार्य आणि 'यात्रा'ची दृष्टी हवी, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

हाताने काढलेल्या अक्षरांच्या क्षेत्रात मराठीने ही दृष्टी कधीच गमावली नव्हती. कमल शेडगे (मृत्यू २०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षके पाहावीत. प्रत्येक नाटकाचे नाव त्यांनी शब्द म्हणून, नव्याने घडविले. एका नाटकाचा 'र' दुसऱ्यात जसाच्या तसा आला नाही. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून तिचा ओघ देवनागरीत आणण्याचा दीर्घकाळ प्रयत्न केला आहे. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सुलेखनाच्या या शाखेचीही दखल घेतली गेली. परंतु सुलेखनकार शब्द समोर ठेवून काम करतो. टाइप रचणाऱ्याला पुढे कोणता शब्द येईल ते ठाऊक नसते. म्हणून त्याला सुलेखनकारापेक्षा अधिक व्याकरण जाणावे लागते, आणि वऱ्हाडाची गोष्ट येथेच सुरू होते.

६

मराठीत 'र' हा व्यंजनाआधी आला म्हणजे तो दोन रीतींनी लिहिला जातो. एक रफार : पुढील अक्षराच्या माथ्यावर. दुसरा आडवा अर्धा र : पुढील अक्षराच्या डाव्या अंगास, लहानशा आडव्या कमानीसारखा. हा लेखकाच्या लहरीचा प्रश्न नाही. उच्चार निराळे आहेत. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. पहिल्यात 'र'वर आघात होऊन त्यामागील 'द' गुरू होतो; दुसऱ्यात 'द' लघूच राहतो. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' ही वाक्ये तर लग्नघरी दोन्ही संभवतात. एक निरोप पाठशाळेत जाईल, दुसरा स्वयंपाकघरात.

'ऱ्ह'चा प्रकार याहून सूक्ष्म आहे. 'वऱ्हाड', 'तऱ्हा', 'कुऱ्हाड', 'गुऱ्हाळ' या शब्दांत 'र' आणि 'ह' असे दोन सुटे ध्वनी एकामागून एक येतात असे म्हणणे कठीण आहे. तो महाप्राणयुक्त असा एकच 'र' आहे, असे प्रतिपादन वर्णविचारात करता येते. 'न्हावी'तील 'न्ह' आणि 'म्हैस'मधील 'म्ह' यांच्याच पंक्तीत तो बसतो. या दृष्टीने पाहिले तर 'वर्हाड' असे लिहिणे म्हणजे एका वर्णाचे दोन तुकडे करणे होय. आत्याबाईंना तो शब्द परका वाटला, याचे कारण त्यांचा डोळा नव्हे, त्यांचा कान होता.

हिंदीच्या लेखनव्यवहाराला या चिन्हाची गरज पडत नाही. त्यामुळे ज्या टाइपाची मूळ आखणी हिंदी डोळ्यांपुढे ठेवून होते, त्यात ते सहज गळते. 'ळ'ची स्थितीही तशीच : असतो, पण शेवटी घाईने काढल्यासारखा. 'ल' आणि 'श' यांच्या बाबतीत रूप निराळे आहे. मराठी वळणाचा 'ल' दोन पाकळ्यांचा, हिंदी वळणाचा उभ्या दांड्याचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला व वर्णांची रूपे निश्चित केली आणि 'ल', 'श' यांची मराठी वळणे स्वीकारली. पुढे १० नोव्हेंबर २०२२ रोजी त्यासंबंधी अद्ययावत निर्णयही निघाला. तरीही पत्रिकेवरील 'शुभविवाह' आणि 'मंगल कार्यालय' हे शब्द बहुधा परक्या वळणात छापले जातात. वाचणाऱ्याला अडत नाही. परंतु मानाच्या कागदावर आपले अक्षर आपल्या वळणाचे नसावे, हे खटकण्याजोगे आहे.

७

यावर एक आक्षेप संभवतो. शोभेचा टाइप हा वाचण्यासाठी थोडाच असतो. चार शब्द असतात, ते ओळखीचे असतात, मग वर्णांच्या सूक्ष्म भेदांचा एवढा आग्रह कशाला? या आक्षेपात तथ्य असते, जर पत्रिकेवर केवळ 'शुभविवाह' एवढेच लिहावयाचे असते. पण पत्रिका, मानपत्र, प्रशस्तिपत्र यांत सर्वांत मोठ्या अक्षरात काय असते? माणसाचे नाव. कुऱ्हाडे, गोऱ्हे, कऱ्हाडकर ही आडनावे महाराष्ट्रात परकी नाहीत. साध्या मजकुरात शब्द चुकला तर संदर्भावरून सावरता येतो. नावाला संदर्भ नसतो. जो टाइप माणसाच्या सन्मानासाठी योजला त्यानेच त्याचे नाव बिघडवावे, ही विसंगती शोभेच्या नावाखाली झाकता येणार नाही.

दुसरा आक्षेप यंत्राचा. धातूच्या खिळ्यांच्या काळी नागरीला शेकडो खिळे लागत. संगणकाच्या आरंभीच्या काळात एका फाँटात जास्तीत जास्त दोनशे छप्पन्न घरे असत आणि त्यांत सारी जोडाक्षरे कोंबावी लागत. तेव्हा एखादे चिन्ह गाळले गेले तर ते समजण्यासारखे होते. यंत्रासाठी लिपीच वाकवावी असाही विचार त्या काळी जोरात होता. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व वेलांटीही अक्षराच्या उजवीकडेच, आखूड करून, लावावी असे सुचविले. लोकांच्या डोळ्यांना ते रुचले नाही आणि काही वर्षांतच ती सुधारणा मागे पडली.

याच्या उलट उदाहरण मराठवाड्याला अपरिचित नसलेल्या एका लिपीचे आहे. निजामी राज्यात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि उर्दूचे नस्तालिक वळण धातूच्या खिळ्यांत नीट बसत नव्हते. म्हणून उर्दू मजकूर कातिबाने हाताने लिहावयाचा आणि तो शिळाछापावर छापावयाचा, हीच रीत दीर्घकाळ टिकली. नस्तालिकच्या वाचकांनी सोप्या, तुटक खिळ्यांपुढे मान तुकविली नाही. अखेर मिर्झा अहमद जमील यांनी शब्दखंडांच्या हजारो जोडाकृती हाताने लिहिल्या आणि मोनोटाइप कंपनीच्या साह्याने १९८१ साली 'नूरी नस्तालिक' सिद्ध झाले. येथे यंत्राने लिपीसाठी वाट काढली.

आज तर हा आक्षेप उरलेलाच नाही. फाँटात आता हजारो आकृती सामावतात. 'ऱ'ला हलन्त जोडला की पुढील 'य' वा 'ह'मागे आडवा अर्धा र यावा, अशी व्यवस्था युनिकोडमध्ये आहे. मजकुराची भाषा मराठी आहे असे कळले की 'ल' आणि 'श' यांची मराठी रूपे आपोआप यावीत, अशी सोयही फाँटात करता येते. मिर्झा अहमद जमील यांना जे हजारो आकृतींनी साधावे लागले, त्याच्या दशांश कष्टांत मराठीचे काम होण्याजोगे आहे. म्हणून आजच्या टाइपात 'वऱ्हाड' लिहिता येत नसेल तर दोष यंत्राकडे ढकलता येत नाही. तो रचनाकाराच्या शब्दसूचीत शोधावा लागतो.

८

यावरून परीक्षणाची एक साधी रीत सुचते. टाइपाचे नमुने बहुधा वर्णमालेच्या रूपाने दाखविले जातात : क, ख, ग. मराठी टाइपाची परीक्षा सुट्या वर्णांवर होऊ शकत नाही, कारण आपल्या लेखनाचे एकक वर्ण नसून अक्षर आहे, आणि अक्षराचे सौंदर्य शब्दात कळते. म्हणून पत्रिकेचीच शब्दावली घेऊन परीक्षा करावी.

'श्री' : जोडाक्षर एकजीव आहे की 'श'ला 'र'ची फाडी चिकटविली आहे? 'आशीर्वाद' : 'शी'ची वेलांटी आणि 'र्वा'वरील रफार एकमेकांस ओळख देऊन थांबतात की गुंततात? 'उपस्थिती' : ऱ्हस्व वेलांटीची कमान 'स्थ' या रुंद जोडाक्षरावर पुरी पसरते की मध्येच तुटते? उच्चारात शेवटी येणारा स्वर येथे लेखनात सर्वांत आधी येतो. त्यामुळे त्या कमानीने जोडाक्षर कवेत घेतले नाही तर वाचणारा अडखळतो. 'ज्येष्ठ' : 'ष्ठ'चा खालचा मजला ओळीला धक्का न देता मावतो का? 'मुहूर्त' : दोन उकार आणि एक रफार आपापल्या अक्षराशी राहतात का? आणि अखेरीस 'वऱ्हाडी' व 'नवऱ्या मुलाचे वडील'. एवढे शब्द जो टाइप उत्तम लिहितो, त्याला वेलांटीच्या लांब शेपट्या दिल्या तरी चालतील. न दिल्या तरी तो शोभून दिसेल.

आमच्या विभागातील विद्यार्थ्यांना एक सूचना करावीशी वाटते. लिपीचा अभ्यास ताम्रपट, शिलालेख आणि जुने दप्तर यांपुरता सीमित मानण्याची आपली प्रवृत्ती आहे. तो अभ्यास आवश्यकच आहे. परंतु लिपी आजही घडत आहे, आणि ती रस्त्याच्या कडेला, छापखान्यात, पत्रिकांच्या दुकानात घडत आहे. बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्रणावरील आपला तीन खंडांचा ग्रंथ १९७१ साली सिद्ध केला, तेव्हा त्यांनी टाइप हा विद्वत्तेचा विषय होऊ शकतो हे दाखवून दिले. संगणकावरील टाइपांच्या बाबतीत त्या तोडीचे काम मराठीत व्हावयाचे आहे. प्रत्येकाने आपल्या गावच्या वीस पत्रिका जमवाव्यात, त्यांत 'ऱ्ह', 'ऱ्य', 'ळ', 'ल', 'श' कसे छापले आहेत ते टिपावे. अशा नोंदी टाइप रचणाऱ्यांपर्यंत पोहोचल्या तर भाषाशास्त्राचा एक प्रत्यक्ष उपयोग झाला असे म्हणता येईल.

ती पत्रिका अजून प्रस्तुत लेखकाच्या संग्रही आहे. छपाईनंतर घरातील कोणीतरी प्रत्येक प्रतीवर 'हा'वरील रफार खोडून त्याच्या डाव्या बाजूस शाईने आडवा अर्धा र काढला होता, आणि मग पत्रिका वाटल्या गेल्या. त्या सोनेरी, पीळदार अक्षरांच्या ओळीत हाताने काढलेली ती लहानशी कमान थोडी वाकडीच आहे. तरी त्या पानावर मराठीचे वळण म्हणून काही असेल तर ते तेवढेच आहे.